आगमनकाळ आणि कापसाचा सीझन एकदमच येतो, तयारी कशी करता?

जिनिंगचा_मुनीम
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी धरणगावकडे एका जिनिंगवर कापसाच्या वजनकाट्यावर बसतो. यंदा (२०२५) आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे आणि तेव्हाच आमच्याकडे कापसाची नुसती रेटारेटी असते, सकाळपासून गाड्यांची लाइन लागते ती रात्रीपर्यंत हटत नाही, घरी येतो तेव्हा केसात रुई आणि डोक्यात क्विंटलचे आकडे. दरवर्षी ठरवतो की यंदा नीट प्रार्थना करीन, कन्फेशनला (फादरांपुढे पापं कबूल करायला) जाईन, आणि दरवर्षी २४ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये मिस्साला (उपासनेला) उभा राहिलो की वाटतं घराला रंग झाला, करंज्या झाल्या, चांदणी लागली, मीच राहिलो. फार लागतं मनाला. ज्यांना अजिबात सवड नसते ते काय करतात?

भुसावळची_मावशी
दादा, आधी हे लक्षात घ्या की हा काळ ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखा नाही. फादरांचा झगा जांभळाच असतो, ग्लोरिया हे स्तुतिगीत पण म्हणत नाहीत, पण उपवासकाळात बंद असणारं आलेलुया चालू असतं, म्हणजे दुःख नाही, वाट बघणं आहे. १६ डिसेंबरपर्यंत वाचनं जास्त करून प्रभूच्या दुसऱ्या येण्याची आणि १७ पासून बेथलेहेमची, येशूच्या जन्माची.

आमच्याकडे हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी, यंदा १४ तारखेला, तो आनंदाचा रविवार. जेवायच्या आधी घरातले दिवे बंद करायचे, धाकट्याने मेणबत्ती पेटवायची, पाच मिनिटं. बस.

आणि बाप्तिस्मा देणारा योहान म्हणतो ना प्रभूचा मार्ग तयार करा, वाटा सरळ करा, तर मी तीन वर्षं माझ्या जावेशी बोलत नव्हते, जमिनीवरून झालं होतं. मागच्या आगमनकाळात दुसरी मेणबत्ती लावली आणि तिला फोन केला, बोलता येईना, दोघी नुसत्या रडलो. माझा रस्ता तिच्या दारावरूनच जात होता हे मला तेव्हा कळलं. तुमचा कुठून जातो ते बघा, त्याला सुट्टी लागत नाही. कन्फेशन मात्र २४ वर ठेवू नका, तेव्हा रांग असते, फादरांना आधीच विचारून आठवड्यातली एखादी संध्याकाळ ठरवा.

नवापूर_कडचा
आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या मंडळीत चक्र वगैरे नसतं, पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत, १ डिसेंबरपासून रोज एक घेतला की २४ ला पुरा होतो. मी मोबाईलवर एसटीत वाचतो. पहिल्याच अध्यायात जखऱ्या याजक बघा, चिठ्ठी पडून मंदिरात धूप जाळायची पाळी त्याच्यावर आली आणि देवदूत त्याला तिथेच भेटला, पाळीवर असताना. येशूच्या जन्माची बातमी मिळालेले मेंढपाळ पण रात्रपाळीलाच होते. काट्यावर बसलेल्या माणसाकडे देव येणार नाही असं कुठे लिहिलंय?

केळीवाला_चोपडा
भो, मी शेतकरी. आमच्या फिडरला रात्रीची पाळी असली की थंडीत मोटरपाशी बसून लाईटची वाट बघावी लागते, कधी बाराला येते कधी दोनला, आणि झोप लागली की पाणी गेलं. पहिल्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाचन आहे, दोघं शेतात असतील, एकाला घेतलं जाईल, दुसऱ्याला ठेवलं जाईल, म्हणून जागे राहा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मी खरंच शेतातून उठून चर्चला गेलो होतो. तेव्हापासून लाईटची वाट बघताना स्तोत्र १३० म्हणतो, पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांचं, तोंडपाठ झालंय. वेगळी सवड कुठून काढू? वाट तर बघतोच आहे, फक्त कुणाची ते त्या वेळी आठवायचं.

जिनिंगचा_मुनीम
सगळ्यांचे मनापासून आभार. केळीवाले दादा, एक गाडी काट्यावरून उतरून दुसरी चढेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्यात एकेक ओळ म्हणून बघतो. आणि मावशी, माझा रस्ता माझ्या थोरल्या भावाकडे जातो, ते मला वाचतानाच कळलं. जांभळ्या मेणबत्त्या इकडे मिळत नाहीत, काय करू?

भुसावळची_मावशी
पांढऱ्या घ्या आणि जांभळी रिबन बांधा, आम्ही पण पहिली दोन वर्षं तेच केलं. भावाला आधी फोन करा.