दवाखान्यात ई-प्रिस्क्रिप्शन सुरू करायचंय: सही, मेडिकल आणि "फुकट" सॉफ्टवेअरबद्दल सल्ला हवा

बार्शीचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. बार्शीत माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. बीपी, शुगर, थायरॉइडचे जुने पेशंट भरपूर. त्यातले बरेच जण आता मुलांकडे पुण्या-मुंबईला जाऊन-येऊन असतात. गोळ्या संपल्या की फोन येतो, "डॉक्टरसाहेब, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवा." आजवर लेटरहेडवर हाताने लिहून, सही-शिक्का करून फोटो पाठवत आलोय. आता सगळंच कॉम्प्युटरवर न्यायचं मनात आहे. मागच्या वेळी काय दिलं होतं ते समोर दिसेल, ॲलर्जीची नोंद नजरेआड होणार नाही, आणि अक्षर लागत नाही म्हणून मेडिकलमधून फोन येणार नाहीत.

मध्यंतरी एका कंपनीचा माणूस येऊन गेला. सॉफ्टवेअर कायमचं फुकट, वर टॅबही देणार. त्याने दाखवलं तेव्हा औषधाची पहिली दोन अक्षरं टाकली की ठरावीक ब्रँड वर येत होते. विचारलं तर म्हणाला, "ते आमचे पार्टनर आहेत." चिठ्ठी परस्पर एका ऑनलाइन मेडिकलकडे जाणार आणि तिथे विक्री झाली की दवाखान्याला "सर्व्हिस फी" मिळणार.

पीडीएफवर सहीचं चित्र टाकलं तर ते कायद्याने चालतं का? मेडिकलवाले घेतात का? आणि ही ऑफर घ्यावी का? मला ती पटत नाहीये. पण आसपासच्या काही दवाखान्यांनी घेतली आहे, आणि पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर दर वर्षी खर्चाचं आहे.

लातूर_मेडिकल

सर, मी फार्मासिस्ट आहे, स्वतःचं दुकान आहे. आधी आमच्या काउंटरवरचं सांगतो.

टाईप केलेली चिठ्ठी आली की मला बरंच वाटतं. पण मोबाईलवर पीडीएफ दाखवली की आमची अडचण वेगळीच होते. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असा नियम आहे, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा चालवता येऊ नये. आता मोबाईलच्या काचेवर शिक्का कुठे मारू? तीच पीडीएफ संध्याकाळी दुसऱ्या दुकानात चालते. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत हे फार वाईट आहे. म्हणून मी प्रिंट काढून घेतो, तिच्यावर शिक्का मारतो. शेड्यूल एच-1 या कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध असेल तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहितो. ते रजिस्टर 3 वर्षं जपावं लागतं, औषध निरीक्षक आले की पहिलं तेच मागतात.

तुम्ही एवढं करा: एकूण किती गोळ्या द्यायच्या ते लिहा. "चालू ठेवा" एवढंच लिहिलं तर मी किती देऊ? पुन्हा द्यायची असतील तर किती वेळा तेही लिहा, त्याशिवाय आम्हाला एकदाच देता येतात. रजिस्ट्रेशन नंबर आणि फोन ठळक असू द्या.

आणखी एक, मनापासून सांगतो. टाईप केलं की चुका संपतात असं समजू नका. यादीत ॲम्लोडिपिनच्या शेजारीच ॲमिओडारोन येतं. एक बीपीचं, दुसरं हृदयाच्या ठोक्यांचं. बोट घसरलं की स्वच्छ, सुवाच्य, चुकीची चिठ्ठी तयार. वाईट अक्षर बघून आम्ही फोन तरी करतो, छापील अक्षर बघून कुणाला शंकाच येत नाही. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, सॉफ्टवेअरने आपणहून "रोज एक" टाकलं तर जिवावर बेततं. सॉफ्टवेअर घेण्याआधी ही दोन्ही उदाहरणं त्यात स्वतः टाकून बघा.

वकील_पुणे

डॉक्टर, दवाखाने आणि छोट्या हॉस्पिटलांची करारपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या मनाला पटत नाहीये ते बरोबरच आहे.

आधी सही. औषध नियम 1945 मधला नियम 65 सांगतो की प्रिस्क्रिप्शन लेखी हवं, त्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 4 इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखीचा दर्जा देतं आणि कलम 5 इलेक्ट्रॉनिक सहीला सहीचा. मृत्युपत्रासारख्या काही कागदांना तो कायदा लागू नाही, पण प्रिस्क्रिप्शन त्या यादीत नाही. मात्र कलम 5 मधली सही म्हणजे तुमचे सीए रिटर्न भरताना वापरतात तशी डिजिटल सिग्नेचर किंवा आधारवरची ई-साइन. सहीचं चित्र त्यात बसत नाही. ते कुणीही उचलून कुठेही चिकटवू शकतं, आणि उद्या वाद झाला तर "हे मी दिलं नाही" हे सिद्ध करणं तुम्हालाच जड जाईल. म्हणून कागदावर सही करून फोटो पाठवा, नाहीतर खरी डिजिटल सही घ्या. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन आणि ई-प्रिस्क्रिप्शन, दोन्ही चालतात.

फोनवरच्या जुन्या पेशंटबद्दल त्याच तत्त्वांत एक मर्यादा आहे. त्याच आजारासाठी पेशंट 6 महिन्यांच्या आत तुमच्यासमोर येऊन गेला असेल तरच तो फॉलोअप धरला जातो. त्यापुढे पहिल्या भेटीचे, जास्त कडक नियम लागतात. नुसत्या फोनवर तेव्हा फारसं काही देता येत नाही, व्हिडिओ कॉल करावा लागतो. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतली आणि अंमली पदार्थ कायद्यातली औषधं टेलिमेडिसिनवर अजिबात नाहीत.

आता ऑफर. तिच्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या सुट्या करून बघा.

चिठ्ठी परस्पर एका मेडिकलकडे जाणं: टेलिमेडिसिनच्या तत्त्वांनुसार चिठ्ठी थेट मेडिकलकडे पाठवायची तर पेशंटची स्पष्ट संमती लागते, आणि औषध कुठून घ्यायचं हा हक्क पेशंटचा राहतो. "सर्व्हिस फी": नाव काहीही द्या, पेशंट पाठवल्याबद्दल मिळालेला पैसा म्हणजे कमिशन. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत 6.4 मध्ये त्याला मनाई आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्याला 6.8 मध्ये. टॅबच्या मागे पैसा कुणाचा आहे ते विचारा, लेखी विचारा. औषध कंपन्यांसाठीही मार्च 2024 पासून मार्केटिंगची आचारसंहिता आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते: वर येणारे ब्रँड. अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन नावाची कंपनी होती. डॉक्टरांना सॉफ्टवेअर फुकट द्यायची आणि जाहिरातींवर चालायची. तिने अफूजन्य वेदनाशामक बनवणाऱ्या एका कंपनीकडून जवळपास 10 लाख डॉलर घेतले आणि पेशंटच्या दुखण्याबद्दल डॉक्टरला सूचना दाखवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये बसवली. सूचनेची रचना ठरवण्यात औषध कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांचा हात होता. डॉक्टरला वाटायचं, हा वैद्यकीय सल्ला आहे. जानेवारी 2020 मध्ये प्रॅक्टिस फ्यूजनने 14.5 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. औषध कंपनीचा एमआर समोर बसला की तो कुणाचा माणूस आहे हे तुम्हाला माहीत असतं. स्क्रीनवरची ओळ कुणाची आहे ते कळत नाही.

पैसे देऊन घ्याल तेव्हाही करारात दोन गोष्टी बघा. सोडून जाताना सगळ्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा मिळाल्या पाहिजेत. आणि नावं काढूनसुद्धा कंपनीने पेशंटची माहिती विकायची नाही, हे शब्दांत लिहून घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात पेशंटच्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर येते, कंपनी तुमच्या वतीने काम करणारी. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

कोथरूडची_लेक

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. आई सोलापूरला असते, डॉक्टर तिकडचेच, औषधं मी पुण्यातून घेते. कुठल्याही मेडिकलमध्ये चालेल अशी चिठ्ठी मिळाली तर आम्हाला खरंच फार सोय आहे. एक विनंती: गोळी कधी घ्यायची ते मराठीत छापा, "सकाळी उपाशीपोटी", "रात्री जेवणानंतर" असं. औषधाचं नाव इंग्रजीत असलं तरी चालेल. आईला आकडे आणि फुल्यांची खूण कळत नाही.

बार्शीचा_डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या कंपनीला नाही कळवतोय. पैसे देऊन घ्यायच्या दोन सॉफ्टवेअरचा डेमो मागवलाय, त्यात मेथोट्रेक्सेट आणि मराठी सूचना दोन्ही तपासतो. डिजिटल सहीसाठी आमच्या सीएंना विचारलंय. वकीलसाहेब, करार आला की त्यातली माहिती विकण्याबद्दलची कलमं इथे टाकली तर चालतील का? शेजारच्या डॉक्टरांनाही ती दाखवायची आहेत.