गिऱ्हाइकाचं डोमेन डिझायनरच्या नावावर असावं का?

वेबवाला_डोंबिवली
माझं मत आधीच सांगून टाकतो: नसावं. साइटचं काम मिळालं की डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, आपल्याच नावाने, आपल्याच ईमेलवर घेऊन टाकायचं, ही पद्धत सर्रास चालते. पण पैसे कुणी दिले हे रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, मालकीच्या नोंदीत दिसत नाही. रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणीधारक, म्हणून ज्याचं नाव, त्याचं डोमेन. शेत एकाने कसायचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असला हा व्यवहार. 'गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही' ही सबब मला पटत नाही.

पिक्सेलराव
बोलायला काय जातंय! माझं गिऱ्हाईक म्हणजे हार्डवेअरचं दुकान. शेठच्या नावाने खातं उघडलं तर ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा लेक्चरला, कार्ड जावयाचं. त्यात .कॉमसाठी रजिस्ट्रंटच्या ईमेलवर पडताळणीची लिंक येते. ती 15 दिवसांत दाबली नाही तर डोमेन स्थगित. आणि ज्या जीमेलवर ती येते, तिचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही. साइट बंद पडली की शेठ फोन कुणाला करतात? डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅनला नाही, मला. माझ्या खात्यात सगळी डोमेन एका रांगेत दिसतात, ऑटो-रिन्यू चालू असतं. कुणाचं काय बिघडलं?

वेबवाला_डोंबिवली
खातं आणि मालकी एक नव्हे, राव. खातं खुशाल तुमचं ठेवा, पण रजिस्ट्रंटच्या रकान्यात नाव शेठचं, दुकानाचं, आणि ईमेल त्यांच्या घरात रोज उघडली जाते अशी. ती लिंक समोर बसून दाबून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ऑटो-रिन्यूचं म्हणाल तर ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे, नियम लागू झाले, तेव्हापासून परदेशी रजिस्ट्रारकडे आपल्या कार्डावरून आपोआप पैसे कापले जातीलच याचा भरवसा उरलेला नाही. त्यापेक्षा पाच वर्षांचे एकदम भरा. 10 वर्षांपर्यंत भरता येतात.

क्लासवाल्या_बाई
मी गिऱ्हाइकाच्या बाजूची. सांगलीत क्लास चालवते. साइट ज्याने केली त्या मुलाला बंगळुरूला नोकरी लागली, नंतर फोन उचलेना. डोमेनची मुदत संपल्याचं कळलं ते साइटवरून नाही. पालकांचे ईमेल परत जायला लागले तेव्हा कळलं. रजिस्ट्रारला फोन केला, पैसे भरायला तयार होते. उत्तर एकच: 'खातेदारानेच लॉगिन करावं, मॅडम.' मुदतीनंतर काही दिवसांची सवलत असते, ती गेली. पुढचे 30 दिवस सोडवून घ्यायचे, त्याला दंड जबर, पण तोही खातेदारानेच भरायचा. शेवटी 5 दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि मग बाजारात मोकळं. आमचं नाव दुसऱ्याच कुणी उचललं. तो मुलगा वाईट नव्हता हो, फक्त निघून गेला. पिक्सेलराव, तुम्हाला उद्या काही झालं तर ती रांग कोण उघडणार?

उधारी_बंद
बाईंचं खरं आहे, पण बिल बुडवणाऱ्यांचं काय? साइट चालू झाली की 'पुढच्या महिन्यात बघू'. डोमेन एवढीच आमच्या हातातली दोरी. तीही सोडू?

वेबवाला_डोंबिवली
डिझाइन अडवा, सोर्स फाइल देऊ नका, निम्मे पैसे आगाऊ घ्या. नावाला हात लावू नका, कारण त्यावर त्याचा ईमेलही चालतो. शिवाय 2004 मध्येच सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं म्हटलंय. .इनसाठी त्याचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचं वादनिवारण धोरण आहे.

उधारी_बंद
पंधरा हजारांच्या बिलासाठी मी कोर्टात जाणार नाही, आणि डोमेनसाठी तोही जाणार नाही. कायदा दोघांनाही परवडत नाही, म्हणून तर दोरी लागते.

क्लासवाल्या_बाई
मग ते कोटेशनवर लिहा ना! 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत डोमेन आमच्या नावावर.' वाचून मी सही करायची की नाही ते ठरवेन. न सांगता ठेवता, तिथे माझं भांडण आहे.

उधारी_बंद
लिहिलं तर काम दुसरीकडे जाईल.

पिक्सेलराव
बाईंच्या 'ती रांग कोण उघडणार' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून रजिस्ट्रंटचं नाव-ईमेल बदलायला घेतो. काही रजिस्ट्रार नाव बदलल्यावर 60 दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू देत नाहीत, म्हणून ज्यांची मुदत जवळ आलीय ती आधी रिन्यू करतो. खातं मात्र माझंच राहणार. शेठच्या जावयाचं कार्ड मी पाहिलंय, पुढच्या महिन्यात संपतंय.