उच्च तापमानाच्या पाण्यातील क्षरण : पृष्ठभाग घासलेला बरा की इलेक्ट्रोपॉलिश केलेला?

प्रश्न : ऑटोक्लेव्ह_विद्यार्थी

३१६एल स्टेनलेस स्टीलचे नमुने सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाच्या, हायड्रोजन विरघळवलेल्या पाण्यात ठेवून त्यांचे क्षरण मोजायचे आहे. काही नमुने एमरी कागदावर घासलेले असतील, काही हिऱ्याच्या पेस्टने आरशासारखे केलेले आणि काही इलेक्ट्रोपॉलिश केलेले, म्हणजे द्रावणात विद्युतप्रवाहाने वरचा पातळ थर विरघळवून गुळगुळीत केलेले. गुळगुळीत पृष्ठभाग कमी गंजतो असे एकीकडे वाचले, तर घासलेल्या पृष्ठभागावर अधिक चांगला संरक्षक थर बसतो असे दुसरीकडे. दोन्ही खरे कसे असू शकते? आणि आरए, म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा, मोजून नोंदवला की पृष्ठभागाचे पुरेसे वर्णन झाले, असे मानावे का?

उत्तर : कणसीमा

आरए अवश्य नोंदवा, पण तो केवळ उंचसखलपणा सांगतो. खरा फरक त्याच्या खालच्या धातूत असतो. घासताना वरच्या थरातले स्फटिककण चिरडले जाऊन अतिसूक्ष्म होतात आणि त्याखाली बराच खोलवर विरूपित (दाबाने रचना बिघडलेला) धातू राहतो. ३०० अंशांना अखंड स्फटिकातून क्रोमियमचे विसरण (अणूंचे हळूहळू पसरणे) जवळजवळ होतच नाही. ते होते कणसीमांमधून, म्हणजे स्फटिककणांमधल्या सीमांमधून, आणि स्फटिकातल्या दोषरेषांमधून. चिरडलेल्या थरात अशा वाटा विपुल असल्यामुळे क्रोमियम पृष्ठभागाकडे लवकर पोहोचते आणि आतला क्रोमियमयुक्त थर लवकर व सलग बनू शकतो.

हायड्रोजनयुक्त पाण्यात ऑक्साइडचे दोन थर दिसतात. आतला बारीक कणांचा, क्रोमियमने समृद्ध असतो. बाहेरच्या थरात, पाण्यात उतरलेले लोह पुन्हा बसून तयार झालेले मॅग्नेटाइटचे, टोकदार कडांचे सुटे स्फटिक असतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते अगदी स्पष्ट दिसतात. संरक्षण मुख्यतः आतला थर करतो.

उलट बाजूने पाहता, घासलेल्या पृष्ठभागाचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ मोजमापाच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त असते आणि विरूपित धातू अधिक क्रियाशील असतो. इलेक्ट्रोपॉलिशिंगने तो थर विरघळून निघून जातो. म्हणून मिश्रधातू, पाण्याचे रसायन, घासण्याची तीव्रता आणि चाचणीचा कालावधी यांनुसार कधी हा, कधी तो परिणाम वरचढ ठरतो, आणि दोन्ही विधाने आपापल्या परिस्थितीत खरी असतात.

उत्तर : भेग_निरीक्षक

वरील विवेचन एकसमान क्षरणाचे आहे. ताणजन्य क्षरणभेगांचा, म्हणजे स्ट्रेस करोजन क्रॅकिंगचा, विचार पूर्णपणे स्वतंत्र ठेवावा, कारण तिथे निष्कर्ष उलटा होऊ शकतो. कार्यशाळेतल्या जोरकस ग्राइंडिंगने पृष्ठभागात ओढीचा अवशिष्ट (काम संपल्यावरही आत उरलेला) ताण आणि कठीण, विरूपित थर एकत्रच राहतात, आणि भेग सुरू व्हायला हीच स्थिती अनुकूल असते. संरक्षक थर लवकर बसला म्हणून ग्राइंडिंग सुरक्षित, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. मला हा गैरसमज फार धोकादायक वाटतो. अणुभट्ट्यांमधल्या वेल्डच्या जोडांवर शॉट (बारीक गोळ्या), पाण्याचा झोत किंवा लेसर वापरून पीनिंग, म्हणजे पृष्ठभागावर आघातांचा मारा, करतात, ते पृष्ठभागात दाबाचा ताण आणण्यासाठीच. त्यानेही धातू विरूपित होतोच. म्हणजे विरूपणाइतकीच ताणाची दिशाही निर्णायक आहे.

ऑटोक्लेव्ह_विद्यार्थी

आभारी आहे. मग हिऱ्याच्या पेस्टने केलेला नमुना विरूपणरहित समजावा का? आणि केवळ वजनवाढ मोजून तुलना करता येईल का?

उत्तर : कणसीमा

आरशासारखी चमक म्हणजे विरूपणरहित पृष्ठभाग नव्हे. आधीच्या भरड कागदाने केलेली इजा पुढच्या पायऱ्यांत पूर्ण निघाली नसेल, तर ती चमकेखाली तशीच राहते. आडवा छेद घेऊन पाहावे, क्ष-किरण विवर्तनाने अवशिष्ट ताण मोजावा, निदान सूक्ष्मकठीणता तरी तपासावी.

केवळ वजनवाढीवर विसंबू नका. धातूचा काही भाग पाण्यात निघून जातो आणि काही ऑक्साइड म्हणून राहतो, त्यामुळे भरपूर क्षरण होऊनही निव्वळ वजनबदल अल्प दिसू शकतो. नमुन्याचे सुरुवातीचे वजन घ्यावे, चाचणीनंतर ऑक्साइड रासायनिक पद्धतीने काढून पुन्हा वजन करावे आणि त्या प्रक्रियेत मूळ धातू किती विरघळतो, हे न वापरलेल्या नमुन्यावर स्वतंत्र तपासून तेवढी वजावट करावी.

शक्य असल्यास वेगवेगळ्या पृष्ठभागांचे नमुने एकाच ऑटोक्लेव्हमध्ये (उच्च दाब व तापमानाच्या बंद पात्रात) ठेवू नका, विशेषतः पाणी खेळते नसेल तर. एकातून सुटलेले लोह दुसऱ्यावर बसते आणि बाहेरच्या थराची तुलना निरर्थक होते.

उत्तर : प्राथमिक_मंडल

निघून जाणारा धातू अणुभट्टीत वजनापलीकडेही महत्त्वाचा असतो. पाण्यात उतरलेले कोबाल्ट गाभ्यातून जाताना कोबाल्ट-६० बनते, त्याचा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे, आणि नळ्यांच्या आतल्या ऑक्साइडमध्ये ते अडकले की दुरुस्ती करणाऱ्यांना मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस वाढतो. काही भागांना इलेक्ट्रोपॉलिश करतात, ते हे साठणे कमी व्हावे म्हणून. तेव्हा आपल्या प्रयोगात काय मोजायचे आहे, थराची जाडी, सुटलेला धातू की भेगेची सुरुवात, हे ठरवून मगच पृष्ठभागाची तयारी निवडावी.