'व्हार्मिंट हंटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

डेन्व्हरकर
आमच्या शेजारचे आजोबा दर उन्हाळ्यात वायोमिंगला 'व्हार्मिंट हंटिंग'ला जातात. माळावर टेबल मांडायचं, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि तीनशे-चारशे यार्डांवरचे प्रेअरी डॉग टिपायचे. त्यावर लेख लिहितोय आणि शीर्षकातच अडलोय. 'उपद्रवी प्राण्यांची लांब पल्ल्याची शिकार' हे सरकारी परिपत्रक वाटतं. आणि प्रेअरी डॉगला कुत्रा लिहिलं तर लोक मलाच धरतील.

शब्दवेडी
'व्हर्मिन'चंच हे गावठी रूप, मुळात लॅटिन 'व्हर्मिस' म्हणजे किडा. त्यात प्राण्याची जात सांगितलेली नसते, फक्त माणसाचा राग असतो. कोल्ह्यासारखा कोयोटी असो की बिळं खणणारा ग्राउंडहॉग, कुरणाची वाट लावली की झाला व्हार्मिंट. 'उपद्रवी'त अर्थ येतो, शिवी येत नाही.
प्रेअरी डॉग खारीच्या कुळातला, बिळात राहणारा. भुंकल्यासारखा ओरडतो म्हणून 'डॉग'. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या माणसांनी १८०४ मध्ये बिळात पाणी ओतून ओतून एक जिवंत पकडला होता, त्यात जवळजवळ अख्खा दिवस गेला म्हणे! नाव तेच ठेवा, पहिल्या उल्लेखाला 'भुंकणारी खार' एवढं सांगा.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे रोही, म्हंजे नीलगाय, आन् रानडुक्कर. त्याला कोणी उपद्रव म्हणत नाही भाऊ, 'डुकराचा लय तरास हाय' म्हणतात आणि रात्री जागलीला जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाचवी अनुसूची होती 'व्हर्मिन'ची: कावळा, उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ. २०२२ च्या दुरुस्तीत ती गेली, पण एखादा प्राणी ठरावीक भागापुरता, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करायची कलम ६२ ची सोय राहिली. त्याच कलमाखाली बिहारमध्ये मोकाम्याला २०१६ साली नीलगायी मारल्या. अशा वेळी आपल्याकडचा शब्द 'बंदोबस्त'. शिकार म्हटली की हाका आला, माग काढणं आलं, शेवटी मटणाचे वाटे आले. तुमचे आजोबा त्यातलं काय करतात?

डेन्व्हरकर
काहीच नाही. मेलेला प्राणी तिथेच पडतो.

नेमबाज
मग 'नेमबाजी'च्या जवळ जा. पल्ला आणि टप्पा यांत घोळ करू नका: पल्ला बंदुकीचा, टप्प्यात येतं ते सावज. आजोबांची रायफल बहुधा .२२-२५० किंवा .२२३ काडतुसाची असेल. गोळी हलकी, ५५ ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेतीन ग्रॅम. वेग भन्नाट, पण वारा तिला ढकलतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर ५०० यार्डांवर ती दोन फुटांहून जास्त सरकते, आणि प्रेअरी डॉग उभा राहिला तरी जेमतेम फूटभर. म्हणून शेजारी दुसरा माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि जमिनीवरून उठणाऱ्या झळा कुठे कलतात ते बघून वारा सांगतो. 'मिराज'ला मृगजळ लिहू नका, झळाच लिहा.
'मिनिट ऑफ अँगल'ला तर आपला घरचा शब्द आहे: कला. अंशाचा साठावा भाग, पंचांगातला. १०० यार्डांवर एक कला म्हणजे साधारण एक इंच. रायफलीवरच्या दुर्बिणीची नेम जुळवायची चकती पाव-पाव कलेने फिरते, दर खटक्याला पाव इंच.

शब्दवेडी
कला! हे छानच. पण 'टिपणे' मला खटकतं. फार हलकं, कागदावर शाई टिपल्यासारखं. तिथे काळ्या पायांचं फेरेट, मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी, प्रेअरी डॉगवरच जगतं. ते नामशेष झालं असं धरून चालले होते, मग १९८१ मध्ये वायोमिंगलाच मीटीत्सीजवळ एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट घरी आणलं तेव्हा कळलं, अजून आहेत. शिवाय पडलेल्या कलेवरांतलं शिसं गरुड-घारींच्या पोटात जातं. लेखात हे येणार असेल तर क्रियापद 'मारणे' ठेवा.

नेमबाज
'टिपणे'त नेम आहे, ताई. 'मारणे' काठीनेही होतं.

वऱ्हाडी ठेचा
शीर्षकात टिपा, मजकुरात मारा.

डेन्व्हरकर
सध्या 'माळावरचे नेमबाज' असं टाकलंय, व्हार्मिंट शब्द दुसऱ्या परिच्छेदात तसाच ठेवून. वाळूच्या पिशवीला 'टेकण' चालेल का? आजोबा नुसतं 'बॅग' म्हणतात.

नेमबाज
चालेल. आमच्या रेंजवर 'सँडबॅग'च म्हणतात, पण टेकण सगळ्यांना कळेल.