गाळ्याचं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवावं का?

नाशिकची_काकू:
कॉलेज रोडला तळमजल्यावर आमचा 380 चौरस फुटांचा गाळा आहे. मेडिकलवाल्याला दिलाय, भाडं 62,000. तो बिचारा पाच तारखेच्या आत टीडीएस कापून पैसे टाकतो, त्याच्याबद्दल एक शब्द नाही. दुखणं कर्जाचं आहे. 2021 मध्ये एका एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून) घेतलं. 41 लाख बाकी, 9 वर्षं उरलीत, व्याज 11.75 आणि हप्ता 61,680. म्हणजे भाडं आलं तसं गेलं; टीडीएसची तूट, मेंटेनन्स, घरपट्टी पदरची. 2025 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर) 6.50 वरून 5.25 वर आला, आमच्या हप्त्याला त्याचं वारंसुद्धा लागलं नाही. आता एक सरकारी बँक 9.40 म्हणतेय. पण सध्याची कंपनी मुदतीआधी फेडायचे 4 टक्के अधिक जीएसटी मागतेय. ह्यांचं पालुपद एकच, "राहू दे, कटकट नको." मला पटत नाही.

हप्तेबहाद्दर:
काकू, 9.40 ने तेवढ्याच मुदतीला हप्ता साधारण 56,400 बसेल. महिन्याला 5,280 सुटले. दंड जीएसटीसकट 1,93,520. वर प्रोसेसिंग, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणाचं मुद्रांक शुल्क. साडेतीन-चार वर्षं खर्च भरून निघण्यातच जातील. म्हणून आधी जुन्या कर्जाचं मंजुरीपत्र काढा. दर फ्लोटिंग (म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा), कर्ज व्यक्तीच्या नावावर आणि हेतू व्यवसायाचा नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या खुलाशानुसार एनबीएफसीला हा दंड घेता येत नाही. गाळा दिसला की 'व्यवसाय' लिहून मोकळे होतात, तो रकाना नीट बघा. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग कर्जांना नियम आणखी सैल झालेत, व्यवसायासाठी घेतलं तरी व्यापारी बँका व्यक्तीकडून दंड घेऊ शकत नाहीत. तुमच्या जुन्या कर्जाला ते लागू नाहीत, नव्याला होतील.

पासबुकवाले_आजोबा:
बँकेत जन्म गेला म्हणून सांगतो, दर नंतर बघा. भाडेकरार रजिस्टर्ड आहे का, किती महिने उरलाय, लॉक-इन (भाडेकरूने जागा सोडायची नाही तो काळ) संपलाय का? भाड्याच्या जोरावर कर्ज देताना बँक हेच आधी विचारते. दुसरं, महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. एका प्रकरणात दुकान झकास, भाडेकरू झकास आणि नकाशात त्या जागी पार्किंग. फाईल तिथेच मेली. प्रोसेसिंग फी भरण्याआधी नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला वकिलाला दाखवा.

नाशिकची_काकू:
नकाशात दुकानच आहे, आत्ताच बघितलं. करार रजिस्टर्ड आहे पण 14 महिनेच उरलेत. मंजुरीपत्रात 'फ्लोटिंग' आहे, हेतू 'गाळा खरेदी', अर्जदार आम्ही दोघं. व्यवसाय हा शब्द कुठेच नाही! बँकवाला वर 10 लाख टॉप-अप (त्याच गाळ्यावर जादा कर्ज) घ्या म्हणतोय, लेकीच्या लग्नाला होतील.

हप्तेबहाद्दर:
मग दंड कोणत्या कलमाखाली, ते कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवर नको. उत्तर टाळलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. टॉप-अप वेगळ्या खात्यात ठेवा. जुनं कर्ज फेडायला घेतलेल्या रकमेचं व्याज इन्कम टॅक्ससाठी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, लग्नाच्या रकमेचं नाही.

पासबुकवाले_आजोबा:
आणि मेडिकलवाल्याशी नवा करार आधी करून घ्या. 14 महिन्यांवर बँक नाक मुरडेल.

नाशिकची_काकू:
त्याला संध्याकाळी चहाला बोलावलंय. ईमेल आजच टाकते.