मदत हवी आहे : पुतण्याचे बँक खाते गोठवले गेले आहे

माझा पुतण्या पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहातील एका मुलाने कमिशनचे आमिष दाखवून त्याचे एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड मागून घेतले. पुढे त्या खात्यातून फसवणुकीची रक्कम फिरवली गेल्याने, परराज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँकेने खाते गोठवले. पोरगा इतका धास्तावला आहे की धड जेवतही नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पैसे गमावलेली व्यक्ती तक्रार नोंदवते. पण ज्याचे खातेच वापरले गेले, त्याने आधी स्थानिक पोलिसांकडे लेखी निवेदन द्यावे, की वकिलामार्फत थेट तपास अधिकाऱ्याशी संपर्क साधावा? व्हॉट्सॲपवरील संभाषण आम्ही जपून ठेवले आहे. शिष्यवृत्तीही याच आधार-संलग्न खात्यात येते, ती दुसऱ्या बँकेत कशी वळवावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.