मदत हवी आहे: कोजागिरीचं दूध आणि दाराला 'नवं'

पौर्णिमा आठवड्याच्या मधेच, म्हणून सोसायटीची कोजागिरी गच्चीवर शनिवारी. 40 माणसं, आणि दूध आटवायचं काम माझ्या गळ्यात. गेल्या वर्षी पातेलं तळाला लागलं. केशर-जायफळानेही करपट वास लपला नाही. 10 लिटर पुरेल ना? साखर शेवटीच घालायची ना?

खरी अडचण वेगळीच. सासूबाई चिपळूणच्या. नव्याच्या पौर्णिमेला (कोकणात कोजागिरीलाच असं म्हणतात) दाराला भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू असं 'नवं' बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गावी शेतातून आणायचं. इथे ठाण्यात, घोडबंदरला बाराव्या मजल्यावर कुठून आणू? जांभळी नाक्यावर दसऱ्यानंतरही लोंब्या मिळतात का, की येऊरच्या बाजूला कोणी विकतं? पहाटे जायचीही तयारी आहे. (प्लास्टिकचं तोरण सुचवून झालंय. दोन दिवस अबोला होता.)